सेकंदाला साठ चित्रं

दसरा चार दिवसांवर आला की जालना रोडच्या कडेनं झेंडूचे ढीग पडायला लागतात. पाऊस संपलेला असतो, थंडी अजून लांब असते, आणि मधल्या त्या दिवसांत आमच्या शहरावर पांढरं, चरचरीत ऊन पडतं. दुपारी दोनला पत्र्यावर हात ठेवला तर भाजतो. लोक दौलताबादकडची सीताफळं टोपलीनं घेतात, गाड्या धुतात, कपड्यांच्या दुकानांत गर्दी करतात. मी या दिवसांत जालना रोड शक्यतो टाळते. गारखेड्यातून क्लासला जायला आतले रस्ते आहेत, लांब पडतात, पण त्यांनीच जाते. झेंडूचा तो तुरट, ओला वास नाकात शिरला की मला देव आठवत नाही. हार घातलेली एक पॉवर प्रेस आठवते.

मी ॲनिमेशन शिकवते. या वर्षी मुलांचं सबमिशन नेमकं दसऱ्याच्या तोंडावर आलं. परवा एक मुलगी उसळत्या चेंडूचं तिचं काम घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, फ्रेम रेट किती ठेवू? चोवीसला जरा अडखळतं. साठ ठेवू का? स्मूद दिसेल."

प्रश्न साधा आहे, दरवर्षी कोणीतरी विचारतंच. संगणकावर जे हलताना दिसतं ते खरं तर हलत नसतं. एकामागून एक स्थिर चित्रं समोर येतात आणि डोळा ती जोडून घेतो. सेकंदाला बारा चित्रं ठेवली तर वहीच्या कोपऱ्यावर काढलेला माणूस पानं फरफर उलटून पळवावा तसं दिसतं. चोवीस ठेवली तर सिनेमासारखं. साठ ठेवली तर पाण्यासारखं. आणि ही साठच्या साठ चित्रं कोणी काढत बसत नाही. आपण मोजकी ठरवायची, हात आधी इथं, मग तिथं, आणि मधली सगळी संगणक भरतो. मधे खरोखर काय झालं हे त्याला माहीत नसतं. तो सरळ रस्ता धरतो.

"ठेव साठ," मी तिला म्हटलं. मग स्टाफरूममध्ये पाणी प्यायला गेले आणि भरलेला ग्लास न पिताच बेसिनमध्ये ओतून आले.

तेव्हा शहराच्या पाट्यांवर जुनं नाव होतं. चिकलठाण्याच्या अलीकडं, टायरच्या एका दुकानावर नितीन सरांचा स्टुडिओ होता. दोन खोल्या, चार संगणक आणि खिडकीत खडखडणारा कूलर. खालून दिवसभर रबराचा वास यायचा. कारखान्यांना त्यांच्या मशीनच्या फिल्म करून द्यायच्या, हे आमचं काम. पंप आतून कसा फिरतो, गिअर कसे बसतात, पत्रा कसा वाकतो. मी तिथं शिकत शिकत मोठी झाले. सरांनी मला बोटाला धरून शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. त्यांचा एकच हट्ट असायचा. "तेलाची धार पडते ना, मीनल, तसं दिसलं पाहिजे. मधे कुठं तुटता कामा नये." मलाही त्याचं वेड लागलं होतं. रिक्षात बसले तरी मी बाहेरच्या माणसांच्या चालीतली चित्रं मोजायची. कोणाचा हात कुठून कुठं गेला, मधे किती लागतील. हे वेड चांगलं आहे असं मला वाटायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका कारखान्यातून काम आलं. तिथं पॉवर प्रेसवर एका कामगाराचा हात गेला होता. चौकशी लागली होती. अपघात कसा झाला हे चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना नीट दिसावं, आणि पुढं नव्या कामगारांच्या ट्रेनिंगलाही दाखवता यावं, अशी एक फिल्म त्यांना हवी होती.

पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं मशीन. खाली साचा असतो, त्यात पत्र्याचा तुकडा ठेवायचा आणि पायानं पेडल दाबायचं. वरून रॅम, म्हणजे लोखंडाचा जड ठोकळा, येऊन आपटतो आणि वर जाऊन थांबतो. मग हात घालून तयार तुकडा काढायचा. दिवसभर हेच. पेडल एकदा दाबलं की रॅमनं एकदाच खाली यायचं असतं.

तिथल्या सेफ्टी ऑफिसरनी आम्हाला कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दिलं. कॅमेरा जुना. साठवायला जागा कमी पडते म्हणून कोणीतरी तो सेकंदाला दोनच चित्रं घेईल असा लावून ठेवला होता. त्यामुळं अपघाताची म्हणून जी चित्रं होती ती तीनच. पहिल्यात रॅम वर, कामगाराचा पाय पेडलवर, हात बाहेर. दुसऱ्यात रॅम मधोमध, हात साच्याच्या तोंडाशी. तिसऱ्यात रॅम खाली अडकलेला आणि हात आत. निळा शर्ट घातलेला एक माणूस, अर्ध्या अर्ध्या सेकंदानं तीनदा.

मशीनचे फोटो काढायला मी खंडे नवमीला गेले, कारण त्या दिवशी सगळी मशीनं बंद होती. शेडमध्ये उदबत्तीचा धूर भरला होता. प्रत्येक मशीनला हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार. त्या प्रेसलाही हार होता. साचा धुऊन पुसून लख्ख केलेला. मी कॅमेरा लावला तसे सेफ्टी ऑफिसर म्हणाले, "फुलं तेवढी चित्रात घेऊ नका हं." मी प्रेस चारही बाजूंनी टिपली, तिच्या अंगावरची माहितीची पट्टीसुद्धा. फुलं मी नंतर संगणकावर पुसून टाकली.

पुढं तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. प्रेस बांधली, माणूस बांधला. चेहरा ठेवायचा नाही असं ठरलं होतं म्हणून नुसता बाहुला, पण शर्ट निळाच राहिला. ती तीन चित्रं जागेवर बसवली, फ्रेम रेट साठ ठेवला आणि मधलं संगणकाला भरू दिलं. रॅम वरून निघाला, एका लयीत खाली आला, हात त्याच्या खाली शिरला, रॅम टेकला. कुठं तुटलं नाही की अडखळलं नाही. सरांनी खुर्ची ओढून सलग चारदा पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी आनंदात होते. मी एका माणसाचा हात चिरडला जाताना बघत होते आणि आनंदात होते.

दोन दिवसांनी सेफ्टी ऑफिसर त्या कामगारालाच घेऊन आले. उभं राहायची पद्धत, पाय कुठं असतो वगैरे बरोबर आहे का ते त्यानं बघावं म्हणून. सुदाम त्याचं नाव, मूळचा पाचोडचा, चाळिशीचा. उजवा हात पंच्यात गुंडाळलेला. सर आणि सेफ्टी ऑफिसर खाली चहाला गेले आणि मी त्याला फिल्म दाखवली. मला वाटलं, तो मान फिरवील. त्यानं नाही फिरवली. पुढं वाकून बघितलं आणि म्हणाला,

"ताई, ही प्रेस आमची नाय."

"असं कसं? मी फोटो काढून आणलेत, सुदामभाऊ. तीच आहे."

"दिसती तीच. पण लई हळू हाय. आमची अशी चालत नाय." त्यानं डाव्या हाताची मूठ माझ्या टेबलावर आपटली. ठक, ठक. "अशी चालती. हितं तर ती निवांत उतरायली."

मी काहीतरी बोलणार तोच तो म्हणाला, "म्या पेडल एकदाच दाबलं व्हतं. ती आली, वर गेली. म्या पीस काढाया हात घातला, तर ती पुन्हा आली. पेडल न दाबता. डबल मारला तिनं. आधी बी दोनदा मारला व्हता, म्या सुपरवायझरला सांगितलं व्हतं. तुमच्या पिक्चरमधी ती एकदाच येती."

जिन्यात पावलं वाजली. सुदाम पंचा नीट करत बसला.

ते गेल्यावर मी प्रेसच्या पट्टीचा फोटो उघडला. मिनिटाला एकशेवीस. म्हणजे रॅम खाली येऊन वर जायला अर्धा सेकंद. माझ्या फिल्ममध्ये नुसता खाली यायलाच अख्खा सेकंद लागत होता. मग मी ते दुसरं चित्र काढून समोर ठेवलं, रॅम मधोमध असलेलं. तीन आठवडे मी ते रोज बघत होते. रॅम खाली येतोय असं मी धरून चालले होते. तो वर चालला होता. पहिल्या आणि दुसऱ्या चित्राच्या मधे तो एकदा आपटून निघाला होता, आणि दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे वर जाऊन, आपला आपण, पुन्हा खाली आला होता. थांबलेल्या चित्रात वस्तू वर चाललीय की खाली, हे कळत नाही. मी दोन फेऱ्यांची एक फेरी करून टाकली होती. त्यामुळं झालं काय, तर रॅम उतरत असताना सुदामनं स्वतःहून हात आत घातला असं स्वच्छ दिसत होतं.

सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"मीनल, तो वर जात असेल किंवा खाली येत असेल. आपण तिथं होतो का?"

"पण सर, पट्टीवरचा आकडा..."

"आकडा नव्या मशीनचा असतो. जुनी हळूही चालत असेल."

"मग मधली जागा रिकामी ठेवू या. तीन चित्रं दाखवू, मधे काळा पडदा. जे माहीत नाही ते माहीत नाही."

सर हसले. "तीन फोटो दाखवायला त्यांनी आपल्याला कशाला बोलावलं असतं? त्यांनी पास केलंय हे. आपण चित्रं काढतो, बाई. साक्ष देत नाही."

मी जागेवर जाऊन बसले. नोकरीची भीती होतीच. तो कारखाना आमचा नेहमीचा ग्राहक होता, तो गेला असता तर स्टुडिओ हलला असता, हेही खरं. पण या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट होती, जी मी फार वर्षं स्वतःलाही सांगितली नाही. मला ती फिल्म मोडवत नव्हती. इतकं सुंदर काम माझ्या हातून तोवर झालं नव्हतं.

चौकशीच्या दिवशी कारखान्याच्या मीटिंग हॉलमध्ये लॅपटॉपवर मीच होते. खिडक्यांना पडदे, एसीचा गारवा, बशीत काजू. सुदाम शेवटच्या खुर्चीवर. फिल्म संपली तेव्हा चौकशीचे अधिकारी म्हणाले, "वा, अगदी समोर घडल्यासारखं वाटलं." मागून आवाज आला, "साहेब, प्रेस लई हळू दावलीय."

अधिकाऱ्यांनी मागं पाहिलं नाही. "अहो, समजावं म्हणून हळू दाखवतात." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हो ना, मॅडम?"

नितीन सर माझ्या शेजारी होते. त्यांनी काही खूण केली नाही, हे मला त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. ते टेबलाकडं बघत होते.

"हो," मी म्हणाले.

एक अक्षर. त्याला किती चित्रं लागत असतील? ओठ मिटलेले, ओठ गोल, पुन्हा मिटलेले. मी हे नंतर आरशासमोर करून बघितलं आहे.

कामगाराची घाई आणि निष्काळजीपणा, असा निष्कर्ष निघाला. सुदामची नोकरी गेली आणि तो पाचोडला परत गेला. त्यानंतर महिन्याभरातच त्या प्रेसचा क्लच, म्हणजे एका फेरीनंतर रॅम थांबवणारा भाग, बदलला, हे मला तिथल्याच एका फिटरनं पुढं केव्हातरी बोलता बोलता सांगितलं. त्याला वाटलं, मशीनच्या गोष्टी मला आवडतात.

मी पुण्याला नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा माझ्या कामाचे नमुने म्हणून जे पाठवलं, त्यात ती प्रेस पहिली होती. माणूस काढून टाकला होता, नुसता रॅम ठेवला होता. मुलाखत घेणाऱ्यानं ती दोनदा पाहिली. "मोशन काय क्लीन आहे," तो म्हणाला. मला नोकरी मिळाली. चांगली होती. पाच वर्षं केली. रोज सकाळी टेकडीवर फिरायला जायची, मैत्रिणी होत्या, शनिवारी नाटकं होती. दरवर्षी या दिवसांत तिथंही झेंडू यायचा आणि मी रस्ता बदलायची. मैत्रिणींना मी सांगायची, मला त्या फुलांची ॲलर्जी आहे.

आईला एकटं ठेवता येईना म्हणून परत आले आणि शिकवायला लागले. मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत कपाट आवरताना जुनी डिस्क सापडली. सगळं तसंच होतं, प्रेस, बाहुला, निळा शर्ट, ती तीन चित्रं. मी बसले आणि रॅमला त्याचा खरा वेग दिला. पेडल दाबलं, ठक. वर. हात आत. ठक. फ्रेम रेट साठच होता. साठचा कधी दोष नव्हता. साठ चित्रांत खरंही तितकंच छान सरकतं. सगळं मिळून एक दुपार लागली. आई आतून विचारत होती, चहा ठेवू का, आणि मी ती पुन्हा पुन्हा लावून बघत होते.

बाजाराच्या दिवशी पाचोडला गेले. सुदामला शोधायला फार फिरावं लागलं नाही. बाजारात तो लसूण विकतो. डाव्या हातानं तराजूत टाकत होता. उजव्या हाताला अंगठा आणि अर्धा तळवा उरला आहे, त्यात पिशवीचा कान अडकवून तो गिऱ्हाइकापुढं पिशवी धरायचा. मला बघितल्यावर त्यानं लगेच ओळखलं.

"या, पिक्चरवाल्या ताई."

त्यानं बसायला पोतं दिलं. मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आले होते. पण आधी तोच बोलला. पाऊसपाणी, लसणाचा भाव. मग सहज म्हणाला, "तुमचं पिक्चर अजून चालू हाय बरं का."

"म्हणजे?"

"माझी थोरली आयटीआय झाली. कंपनीत लागली, दुसऱ्या. पहिल्या दिशी ट्रेनिंगला बसवलं सगळ्यांना, तर तेच पिक्चर. साहेब म्हणला, बघा, या माणसावानी घाई करू नका." तो तराजूची दोरी सोडवत होता. "तिनं शर्टावरनं वळखलं. घरी यिऊन सांगितलं."

"ती तिथं काही बोलली नाही?"

"काय बोलनार? पहिलाच दिस. नोकरी पाहिजे का नको?"

मग मी बोलले. त्या दिवशी मला माहीत होतं, रॅम वर चालला होता हे मला आदल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि तरी मी हो म्हणाले, असं सगळं.  तो लसणाचे गड्डे रचत ऐकत होता, धीर दिला नाही.

"मलाबी म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "तुम्ही हो म्हनायच्या आधी माझ्याकडं बगितलं व्हतं. ज्याला म्हाईत नसतं तो कशाला बगतो?"

मी मोबाइल काढला आणि नवी फिल्म लावून त्याच्यापुढं धरली. उन्हात नीट दिसेना, म्हणून त्यानं पोत्याची सावली केली. ठक. वर. हात आत. ठक. त्याचा उरलेला अंगठा आत वळला. त्यानं ती पुन्हा लावायला सांगितली आणि पुन्हा पाहिली.

"हे बराबर हाय," तो म्हणाला. "असंच झालं."

मला वाटलं, आता माझ्या छातीवरचं काहीतरी उतरेल. त्यानं मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"पर ताई, तुम्ही हे मला कशाला दावायला आलात? मला तर ठाऊकच हाय."

अर्धा किलो लसूण घ्यायला एक बाई आल्या होत्या. तो तिकडं वळला.

दुसऱ्या दिवशी, चौकशीचे अधिकारी जिथून आले होते त्या सरकारी कार्यालयात मी गेले. माझं म्हणणं हातानं लिहिलं, मी त्या दिवशी खोटं बोलले असं त्यात स्पष्ट लिहिलं, आणि सोबत फिल्म जोडली. खिडकीवरच्या माणसानं कागद वाचला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पण मॅडम, तुम्हाला आता हे कोणी विचारलंय का?" नाही म्हटलं. त्यानं शिक्का मारून पोच दिली.

त्याला या दसऱ्याला वर्ष होईल. मधे दोनदा जाऊन आले. कागद वर गेला आहे एवढंच सांगतात. मला अजून कोणी बोलावलेलं नाही.